व्हिसा मागण्याआधी

डोंगरकडा गावाच्या केळीपट्ट्यातली शिकलेली मुलं आता पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसून करतात. त्यातला एखादा विचारतो, हेच परदेशात बसून केलं तर? जरूर करावं, पण देश निवडताना आधी त्याच्या अटी वाचाव्यात. एस्टोनियाने २०२० मध्ये अशा दुरून काम करणाऱ्यांसाठी व्हिसा सुरू केला. पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागतं. जपानने २०२४ मध्ये दार उघडलं, मात्र त्या व्हिसासाठी भारतीय पासपोर्ट चालत नाही. मला थायलंडचा ‘डीटीव्ही’ हा व्हिसा आपल्या पोरांच्या आवाक्यातला वाटतो : मुदत पाच वर्षं, एका खेपेला १८० दिवस मुक्काम, खात्यात पाच लाख बाट शिल्लक. घड्याळ दीडच तास पुढे; इथली साडेनऊची मीटिंग तिथे अकराला. पण ती शिल्लक दाखवायला बापाच्या हातात आलेल्या केळीच्या पट्टीला, म्हणजे विक्रीच्या पैशाला, हात लावू नका, हे कळकळीने सांगतो. कंपनीची लेखी परवानगी घ्या आणि करसल्लागाराला गाठा. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात, तर बाहेरची कमाईही इथल्या कराच्या हिशेबात येऊ शकते.