मराठवाड्याचा मजूर घर सोडतो

संपादक महाशय,

मराठवाड्यातील तरुण गाव सोडावयास राजी नाही म्हणून तो बेकार राहतो, हा आपल्या गतांकातील लेखाचा निष्कर्ष वस्तुस्थितीस धरून नाही. एकट्या बीड जिल्ह्यातून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर मुलांची शाळा अर्धवट टाकून सांगली-कोल्हापूरच नव्हे, तर कर्नाटकातील कारखान्यांपर्यंत जातात. मात्र ते मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अंगावर घेऊन जातात, नवराबायको मिळून एकच कोयता, म्हणजे मजुरीचा एकच घटक, धरला जातो, आणि उचल फिटेपर्यंत दुसरे काम धुंडाळण्याची मुभा त्यांस उरत नाही.

पुण्याकडे जागा रिकाम्या असतात, हे मान्य. परंतु चाकणच्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत लागलेल्या मुलास खोलीभाडे व खाणावळ भागवून घरी धाडावयास काय उरते, याचा हिशेब लेखकांनी मांडलेलाच नाही.

सिंचन, रस्ते, वीज यांतील प्रादेशिक अनुशेषाची मोजदाद राज्य सरकारने नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ साली करून दिली. मराठवाड्याची ही उणीव सरकारी दप्तरी नमूद असता, बेकारीचा दोष मजुराच्या स्वभावावर लादणे हा उघड अन्याय आहे. लेखकांनी आपले विधान मागे घ्यावे.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई