विचार करायला लागलेल्या चिट्टीचे पुढे काय झाले?

'सिनेमा आहे हो, त्यात एवढा कीस कशाला काढता?' हे वाक्य आम्हाला नेहमी ऐकवले जाते. डोके घरी ठेवून जायचे, शिट्ट्या मारायच्या आणि पॉपकॉर्न संपवून परत यायचे, ही म्हणे प्रेक्षकाची मर्यादा. आम्हाला ती मान्य नाही. ज्या चित्रपटावर पाचशे कोटींच्या घरात खर्च झाल्याचे निर्मातेच सांगत होते, जो तामिळ, तेलुगू आणि हिंदीत एकाच वेळी देशभर झळकला आणि ज्यात देशातला सर्वात मोठा नायक आहे, त्याची चिकित्सा करायची नाही तर मग कशाची करायची?

बोलतो आहोत ते शंकर यांच्या '२.०' बद्दल. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट २०१० च्या 'एन्दिरन'चा, म्हणजे हिंदीतल्या 'रोबोट'चा पुढचा भाग. मोबाइल आकाशात उडतात, लाखो मोबाइलचा एक राक्षसी पक्षी तयार होतो, असली दृश्ये आमच्या पोरांनी डोळे विस्फारून पाहिली. त्या दृश्यांबद्दल आमची तक्रार नाही. 'पाचवे बल', माणसाचा 'ऑरा' वगैरे जे विज्ञान त्यात सांगितले आहे, तेही सोडून देऊ. विज्ञानकथेत विज्ञान थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते. माणसे मात्र इकडेतिकडे झालेली चालत नाहीत. जे पात्र काल काहीतरी शिकले, ते आज ते विसरल्यासारखे का वागते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

'मसाला चित्रपटात तर्क शोधू नका' असे म्हणणाऱ्यांना आम्ही पहिलाच भाग दाखवतो. तोही मसालाच होता. दिग्दर्शक तोच, नायक तोच. पण त्यात चिट्टीचा प्रवास कसा बांधला होता, ते आठवा. आगीत अडकलेल्या माणसांना चिट्टी वाचवतो. अंघोळ करत असलेल्या एका मुलीलाही तसाच उचलून कॅमेऱ्यांसमोर आणतो, कारण जीव वाचवायचा एवढे त्याला कळते, लाज म्हणजे काय ते कळत नाही. ती मुलगी धावत सुटते आणि गाडीखाली येऊन मरते. तेव्हा डॉ. वसीगरन ठरवतो, याला भावना द्यायच्या. भावना आल्या म्हणून तो सनाच्या प्रेमात पडतो. प्रेमात पडला म्हणून सैन्याच्या अधिकाऱ्यांपुढे युद्धाऐवजी प्रेमावर बोलतो. मालकाची नाचक्की झाली म्हणून मालक कुऱ्हाडीने त्याचे तुकडे करून कचऱ्यात फेकतो. तिथून बोहरा त्याला उचलतो, लाल चिप बसवतो आणि तो खुनी होतो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून आलेली आहे. शेवटी न्यायालय त्याला मोडून टाकायचा आदेश देते आणि तो स्वतःच्याच हातांनी स्वतःचे अवयव सुटे करतो. पुढे संग्रहालयात एक शाळकरी मुलगी विचारते, तुला का मोडले? तेव्हा तो सांगतो की तो विचार करायला लागला होता, म्हणून.

हे उत्तर आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. राबण्यासाठी बनवलेला एक जीव विचार करतो आणि त्यासाठी त्याला मोडले जाते. हे कोणाला का भिडते, ते आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

आता '२.०' मध्ये हाच चिट्टी परत येतो. कशासाठी? सरकार अडचणीत आहे म्हणून. न्यायालयाने ज्याला मोडायला लावले, ज्याला त्याच्या निर्मात्याने कुऱ्हाडीने फोडले होते, तो जोडला जातो आणि डोळे उघडताच कामाला लागतो. तुम्ही मला का मोडले होते, आता का जोडता, काम झाल्यावर पुन्हा मोडणार का, यातला एकही प्रश्न तो विचारत नाही. सनावरच्या प्रेमापायी त्याने शहर उलथेपालथे केले होते. ती सना इथे फक्त फोनवरचा आवाज म्हणून उरली आहे आणि चिट्टीच्या मनात तिचा ओरखडाही दिसत नाही. वसीगरनलाही आपण याच्याशी काय केले होते, याची टोचणी नाही. दोघांमधला पहिल्या भागातला सगळा हिशेब पुसून टाकला आहे. विचार केला म्हणून मोडला गेलेला चिट्टी परत आला आहे तो विचार वजा करून, आणि चित्रपटाला त्यात काहीच खटकत नाही.

लाल चिपचे तर हसूच येते. पहिल्या भागात याच चिपमुळे चिट्टीने बोहरासकट कित्येकांना मारले, स्वतःच्या शेकडो प्रती काढून सैन्य उभे केले. त्या चिपभोवती अर्धा चित्रपट फिरला होता. दुसऱ्या भागात साधा चिट्टी हरतो, तेव्हा नीला ही नवी यंत्रमानव मुलगी तीच लाल चिप त्याला बसवते. आता चिट्टी थोडा माज करतो, चार टाळीचे संवाद म्हणतो, आणि मुकाट्याने शासनाच्या बाजूने लढतो. जे विष म्हणून दाखवले होते, तेच आता टॉनिक! अशी चिप बसवणे धोक्याचे आहे, हा त्यातल्या शहाण्या माणसांसाठी पेच व्हायला हवा होता. शहर वाचवायला खुनी सोडायचा का, यावर दहा मिनिटांचा खरा वाद होऊ शकला असता. पण वाद घातला तर मारामारीला उशीर होतो.

चित्रपटाचा खरा प्रश्न मात्र पक्षीराजनचा आहे. अक्षय कुमारने केलेला हा वृद्ध पक्षीतज्ज्ञ. मोबाइल टॉवरच्या लहरींमुळे आपले पक्षी मरत आहेत असे त्याला दिसते. तो कंपन्यांकडे जातो, मंत्र्याकडे जातो, लोकांना हात जोडतो. कोणी दाद देत नाही. शेवटी तो टॉवरवरच गळफास घेतो. मग त्याची आणि मेलेल्या पक्ष्यांची ऊर्जा एक होऊन सूड घेते. मोबाइलचा व्यापारी, कंपनीचा मालक, मंत्री असे एकेक मारले जातात. इथपर्यंत त्याच्या रागाला दिशा आहे. आणि मग अचानक मोबाइल वापरणारा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी खुनी ठरतो. कंपनीच्या मालकापासून स्टेडियममध्ये कोंडलेल्या सामान्य माणसापर्यंतचा हा पल्ला त्याने कसा आणि कधी गाठला, ते दाखवलेलेच नाही. कारण सरळ आहे. तो फक्त दोषींनाच मारत राहिला असता तर प्रेक्षक त्याच्या बाजूने गेला असता आणि नायकाला काही कामच उरले नसते. म्हणून त्याला शंभर पावले एकदम चालवले. त्यातही जो लहरींमुळे पक्षी मरतात म्हणून जीव देतो, तोच लाखो मोबाइल अंगावर घेऊन आकाशात फिरतो!

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते की संवैधानिक मार्ग खुले असताना असंवैधानिक मार्गांचे समर्थन करता येणार नाही. त्याच भाषणात त्यांनी हाही इशारा दिला होता की विषमता लवकर दूर केली नाही, तर ती सोसणारे लोक लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. दोन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या असतात. पक्षीराजनच्या कथेत नेमका हाच पेच होता. त्याच्यावर मार्ग बंद कोणी केले? तो एकटाच का होता? त्याने संघटना का बांधली नाही? आमच्यापैकी ज्यांनी अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आहेत, त्यांना हे प्रश्न लगेच सुचतील. लेखकाला ते सुचले नाहीत.

आता वसीगरनकडे पाहा. हा वैज्ञानिक आहे. पक्षीराजनची कहाणी ऐकून त्याने पहिल्यांदा काय विचारावे? पुरावा कुठे आहे? कारण टॉवरच्या लहरींनी पक्षी असे टपाटप मरतात, हे सिद्ध झालेले नाही. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. चित्रपट येण्याआधी मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने सेन्सॉर बोर्डाकडे तक्रारही केली होती. कंपन्यांची वकिली आम्ही करणार नाही, त्यांना त्यांचे वकील पुरेसे आहेत. पण वैज्ञानिक म्हणवणाऱ्या पात्राने एक तर म्हणावे, 'तुझे म्हणणे तपासून पाहतो', किंवा म्हणावे, 'तुझे निदान चुकले आहे, चिमण्या शहरांतून कमी होण्याची कारणे वेगळी असू शकतात'. वसीगरन तपासतही नाही आणि खोडतही नाही. तो हळहळतो आणि त्याला पकडतो.

पक्षीराजनचे पात्र डॉ. सलीम अली यांच्यावरून सुचल्याचे त्या वेळी सांगितले गेले होते. सलीम अली मुंबईचे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत त्यांचे आयुष्य गेले. भरतपूरचे पाणथळ रान टिकावे म्हणून ते झगडले. त्या भरतपूरची गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावी. १९८२ मध्ये तिथे गुरे चारायला बंदी झाली, आजूबाजूच्या गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. आणि पुढे सलीम अलींच्याच संस्थेच्या दीर्घ अभ्यासातून दिसले की म्हशी चरायच्या थांबल्यामुळे गवत माजले, पाणी झाकले गेले आणि पक्ष्यांचेच नुकसान झाले. पक्षी की माणसे, हा प्रश्न खऱ्या जगात असा अवघड असतो. त्यात रक्त असते, चुकलेले निर्णय असतात आणि पुराव्यापुढे स्वतःच्या बाजूचा ग्रह मोडणारे संशोधक असतात. एवढे खरे नाट्य हाताशी असताना चित्रपटाने काय उचलले? दाढी आणि चष्मा.

शेवटची लढाई तर या सगळ्यावर कडी आहे. पक्षीराजन वसीगरनच्या शरीरात शिरला आहे. त्याला बाहेर काढायचे कसे? बोटाएवढे छोटे रोबोट, म्हणजे '३.०', कबुतरांवर स्वार होऊन येतात आणि धमकी देतात की शरीर सोडले नाहीस तर ही कबुतरे मारू. पक्षीराजन शरीर सोडतो. मग त्याचा खात्मा होतो. चित्रपटगृहात टाळ्या.

आम्ही इथे थांबून विचारतो, टाळ्या कशाच्या? निष्पाप जीव ओलीस धरून ज्याने विजय मिळवला, तो नायक? आणि हातातली सत्ता, सूड, पुन्हा मिळालेले अस्तित्व असे सगळे काही कबुतरांसाठी सोडणारा खलनायक? अख्ख्या चित्रपटात स्वतःच्या मूल्याशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहिलेले हे एकच पात्र आहे. मधे त्याला कितीही वाकवले तरी शेवटच्या क्षणी लेखकालाही त्याच्या पक्षीप्रेमावरच विसंबावे लागले, कारण तो कबुतरांना मरू देणार नाही हे नायकाला पक्के ठाऊक आहे. म्हणजे पात्राचा तर्क एकदाच वापरला, तोही त्याला मारण्यासाठी. आणि ही धमकी देणे बरोबर का, असे त्या बाजूचा एकही जण विचारत नाही. वसीगरन नाही, नीला नाही, मंत्री नाही. चिट्टी तर नाहीच.

हे सगळे रजनीकांतमुळे होते, एवढ्या मोठ्या नायकापुढे लेखकाचे काही चालत नाही, असेही काही जण म्हणतात. पण त्याच वर्षी ७ जूनला पा. रंजित यांचा 'काला' आला होता. नायक तोच रजनीकांत. कथा आमच्या मुंबईतल्या धारावीची. त्यात मारामारी आहे, गाणी आहेत, जीपच्या नंबरात १९५६ सुद्धा आहे. पण कालाची प्रत्येक कृती एकाच गोष्टीतून निघते, ती म्हणजे जमीन. आणि नाना पाटेकरांचा हरिदादाही तर्काला पक्का आहे. पांढरे कपडे, 'शुद्ध मुंबई'चे फलक, स्वच्छतेच्या भाषेत वस्ती उठवण्याचा बेत. त्याला जे हवे आहे ते त्याला का हवे आहे, हे आपल्याला कळते, म्हणून त्याची भीती वाटते. तुलनेत खर्च किती तरी कमी. तेव्हा अडचण नायकाची नाही आणि पैशांची तर नाहीच नाही.

आमच्यातली बरीच मुले आता लघुपट काढतात, पटकथा लिहितात, मोबाइलवर संकलन करतात. त्यांनी हे दोन्ही चित्रपट एका आठवड्यात लागोपाठ पाहावेत. कागद घेऊन बसावे आणि प्रत्येक पात्रासमोर लिहावे, याला काय हवे आहे, याच्यावर आधी काय बेतले आहे आणि हा आत्ता जे करतो आहे ते त्यातून निघते का. 'काला'चा कागद भरेल. '२.०'च्या कागदावर पक्षीराजनसमोर दोन-चार ओळी येतील, त्याही अर्ध्या खोडाव्या लागतील.

लढाई संपल्यावर वसीगरन रुग्णालयात मंत्र्यांना सांगतो की पक्षीराजनच्या म्हणण्यात तथ्य होते, लहरींवर नियंत्रण आणायला हवे. जे एका वाक्यात सांगता आले, ते ऐकून घ्यायला तो म्हातारा टॉवर चढायच्या आधी दारोदार फिरत होता. तेव्हा वसीगरन कुठे होता, हे चित्रपटात कोणी त्याला विचारत नाही.