वाऱ्याची खतावणी

२०२२ सालच्या जानेवारीतला तेवीस तारखेचा रविवार पुण्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. सूर्य उगवला होता, पण नसल्यासारखा. थंडीच्या दिवसांत सकाळी धुके पडते, हे काही नवे नाही. मात्र हे धुके दुपार झाली तरी हलेना. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पिठासारखी बारीक धूळ बसली होती. सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला आणि सगळे कपडे पुन्हा बादलीत बुडवले. नातवाने खाली उभ्या असलेल्या मोटारीच्या काचेवर बोटाने आपले नाव लिहिले आणि वर येऊन मला विचारले, "आबा, एवढी धूळ आली कुठून?"

"बांधकामं चाललीत ना सगळीकडे," मी सवयीने सांगून टाकले.

खरे उत्तर वर्तमानपत्रातून कळले. कराचीच्या बाजूला उठलेले धुळीचे वादळ अरबी समुद्रावरून गुजरात, मुंबई करीत पुण्यापर्यंत येऊन पोचले होते. व्हिसा नाही, पासपोर्ट नाही. आम्ही ती धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि विषय संपवला.

माझ्या मनातून मात्र तो संपला नाही. तीसएक वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला एक खोड लागते. समोर काहीही आले की त्याची नोंद कुठे झाली, हे तो आधी विचारतो. वारा असा हजारो वर्षे धूळ, राख आणि वाळू वाहून नेत असेल, तर त्याची नोंद कुठेतरी राहत असलीच पाहिजे. ती राहते. तिच्या वाचनात आपल्या पुण्याच्या माणसांचा वाटा मोठा आहे. आणि ती नोंद आपल्याच हातांनी नाहीशी होते आहे, म्हणून हा लेख.

आधी हे सांगायला हवे, की या जुन्या नोंदींची आज गरज काय. पावसाचे तंत्र बिघडले, असे आपण घरोघरी म्हणतो. कधी जूनभर आकाश कोरडे, कधी दोन दिवसांत महिन्याचा पाऊस. पण बिघडले म्हणजे कशाच्या तुलनेत? भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. देशभरच्या पावसाच्या सलग नोंदी फार तर दीडशे वर्षांच्या. नदीकाठची निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असा आपला हिशेब असतो. शंभर वर्षांतल्या एका पुराचा अंदाज शंभर-दीडशे वर्षांच्या वहीवरून! कर्ज मागायला आलेल्या गृहस्थाने दोनच महिन्यांचे पासबुक पुढे केले असते, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवले असते.

म्हणून जुनी वही हवी. ती कागदाची नाही, मातीची आहे.

तिचे एक पान पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तिथे नदीने कापलेल्या काठात काळ्या-तांबूस गाळाच्या मध्ये फिकट राखेचा थर दिसतो. आपल्याकडचे ज्वालामुखी सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाले. मग ही राख कुणाच्या चुलीची? ऐंशीच्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या राखेचा माग काढला, तो थेट इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटापर्यंत गेला. तिथल्या टोबा ज्वालामुखीच्या जागी आज शंभर किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. बोरीपासून ते तीन हजार किलोमीटरांहून दूर. राख वाऱ्याने आणली आणि पाण्याने नदीकाठी गोळा केली.

ती नेमकी कधीची, यावर मात्र मोठा वाद झाला. टोबाचा सर्वांत प्रचंड उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, आणि ही राख त्याचीच, असे एका बाजूचे म्हणणे. दुसऱ्या बाजूच्या मोजणीत ती कित्येक लाख वर्षांपूर्वीची ठरली. याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली असल्यामुळे राखेच्या वयावर आपल्या भूमीतल्या माणसाचे वय अवलंबून होते. असा वाद मिटवायचा तर पुन्हा त्या थराकडेच जावे लागते. आंध्रातल्या कुर्नूल भागात ज्वालापुरम येथे हीच टोबाची राख भांडी घासण्याच्या पावडरीसाठी खणून नेली जात होती. ज्या खाणीमुळे थर संशोधकांच्या नजरेत भरला, तीच खाण तो थर संपवीतही होती.

दुसरे पान राजस्थानातले, पण ते वाचायला माणसे गेली पुण्यातून. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वि. ना. मिश्र आणि भूशास्त्रज्ञ शरद राजगुरू यांच्या चमूने, पूर्वी नागौर जिल्ह्यात असलेल्या डीडवाना गावाजवळ वाळूच्या एका टेकाडात खोल चर घेतला. '१६ आर' या रुक्ष नावाने हे टेकाड जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. एरवी वाळूचे टेकाड म्हटले की आपल्याला वाटते, आज इथे, उद्या तिथे. त्याला कसला इतिहास? पण या टेकाडात वाळूच्या थरांमध्ये चुनखडीच्या खड्यांचे थर निघाले. वाळू म्हणजे वारा जोरात असल्याची नोंद. चुनखडी म्हणजे वाळू स्थिरावून तिच्यात थोडा ओलावा मुरल्याची, वर गवत-झुडूप तगल्याची नोंद. आणि निरनिराळ्या थरांत माणसाची दगडी हत्यारे. म्हणजे वाळवंट कधी पसरले, कधी थांबले आणि माणूस तिथे केव्हा राहिला, हे एकाच भिंतीवर वरपासून खालपर्यंत मांडलेले.

राहिला तारखेचा प्रश्न. वाळूवर तारीख कशी वाचायची? अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले अशोक सिंघवी यांनी या कामात हयात घालवली. त्यांची पद्धत मला बँकेच्या भाषेत चटकन समजली. वाळूचा कण उन्हात उडत असतो, तेव्हा त्याचे खाते शून्यावर येते. तो इतर वाळूखाली गाडला गेला, की भोवतालच्या मातीतल्या अत्यल्प किरणोत्सर्गामुळे त्याच्यात ऊर्जा साठू लागते. दर साधारण ठरलेला, जणू मुदत ठेवीवरचे व्याज. प्रयोगशाळेत, अंधारात, त्या कणावर ठरावीक प्रकाश टाकला की साठलेली ऊर्जा मंद उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. उजेड मोजायचा, त्यावरून साठा काढायचा आणि वर्षाच्या दराने भागायचे. ठेव किती वर्षांपूर्वी ठेवली ते कळते. मात्र नमुना घेताना त्याला उन्हाचा कवडसाही लागता कामा नये. लागला, की खाते पुन्हा शून्य.

या हिशेबातून त्या टेकाडाची वही सुमारे दोन लाख वर्षे मागे गेली. सिंघवी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्यावर सविस्तर लिहिले आणि त्यात एक गोष्ट अशी निघाली, की आपली समजूतच उलटी व्हावी. आपल्याला वाटते, दुष्काळ सर्वांत कडक, तेव्हा वाळू सर्वांत जास्त. पण वीसएक हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, थरमध्ये वाळू फारशी साचलीच नाही. कारण थरची वाळू वाहून नेतो तो आपलाच नैर्ऋत्य मोसमी वारा. त्या काळात मोसमीच दुबळा पडला होता. वाळू होती, पण तिला उचलायला हमाल नव्हता. पुढे मोसमी पुन्हा सावरू लागला, वारे जोरात आले. मात्र जमीन धरून ठेवायला गवत अजून आलेले नव्हते. त्या मधल्या काळात टेकाडे भराभर वाढली. पाऊस नीट सुरू झाल्यावर ती थांबली.

तात्पर्य, वहीत नोंद नाही याचा अर्थ काही घडले नाही, असा होत नाही. वर्षानुवर्षे उलाढाल नसलेले खाते पाहून खातेदार सुखात आहे, असे कुणी म्हणणार नाही. आणि वाळवंटाचा सर्वांत खळबळीचा काळ दुष्काळाच्या पोटात नसून एका हवामानातून दुसऱ्यात जाण्याच्या उंबरठ्यावर असतो, हे टेकाडाने शिकवले.

हे आजच्या कामाचे आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे माजी संचालक भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी २०२३ मध्ये मांडले, की १९०१ ते २०१५ या काळात वायव्य भारतातल्या निमवाळवंटी भागात पाऊस १० ते ५० टक्क्यांनी वाढला आहे आणि पुढे तो आणखी बराच वाढेल. थर हिरवे होणार, अशा बातम्या आपण आनंदाने वाचल्या. थर हिरवे होऊ शकते, याला जुन्या वहीचा पुरावा आहे. पण त्याच वहीत हेही आहे, की वाट सरळ नसते.

त्याची चुणूक २००६ च्या ऑगस्टमध्ये दिसली. बाडमेर जिल्ह्यात काही दिवसांत वर्षभराच्या सरासरीहून अधिक पाऊस कोसळला. कवास गाव बुडाले, शंभरावर माणसे गेली. वाळवंटात पडलेले पाणी जिरून जाईल, असे कुणालाही वाटेल. ते जिरले नाही, कारण वाळूखाली जिप्समचा थर होता. पाणी कित्येक आठवडे उभे राहिले. आता जिप्सम तयार होते कशाने? साचलेले खारे पाणी आटल्याने. म्हणजे इथे पूर्वी पाणी साचत असे, ही नोंद गावाच्या पायाखालीच होती. गाव वसवताना ती कुणी वाचली नाही.

आता स्वतःबद्दल. नव्वदच्या दशकात मी कोकणातल्या एका शाखेत होतो. रस्ते, बंगले, धक्के यांची कामे जोरात होती आणि वाळू वाहण्यासाठी ट्रकची कर्जे मागणारे तरुण रोज येत. मी ती मंजूर केली. मुले होतकरू होती, हप्ते वेळेवर येत. तारण म्हणून ट्रकची कागदपत्रे होती, जामीनदार होते, विमा होता. वाळू कुठून येणार, हा रकाना अर्जात नव्हता आणि मीही तो कधी विचारला नाही. त्यातली काही खाडीतली असेल, काही किनाऱ्यावरच्या टेकाडांची. नेमकी किती आणि कुठली, हे आता सांगता येणार नाही, कारण त्याची नोंदच नाही.

त्या वाळूची किंमत मला फार उशिरा कळली, ती केळशीमुळे. दापोली तालुक्यात भारजा नदीच्या मुखाशी केळशीला वाळूची उंच टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचा चिकाटीने अभ्यास केला. तिच्या थरांत खापरे, हाडे, नाणी निघाली. ही टेकडी एकट्या वाऱ्याची नाही, तिच्या घडणीत समुद्राच्या प्रचंड लाटेचा हात आहे, असे त्यांनी मांडले. १५२४ च्या सप्टेंबरात वास्को द गामाचे आरमार दाभोळच्या आसपास असताना समुद्र अचानक खवळल्याचे पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवले आहे, त्याच्याशी मराठ्यांनी हा धागा जोडला. पुढे सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनीही केळशीच्या थरांवरून त्या त्सुनामीचा माग घेतला. वारा किती आणि लाट किती, हा शास्त्रज्ञांनी भांडून ठरवायचा प्रश्न. पण कोकण किनाऱ्यावर पुन्हा तशी लाट येऊ शकते का, याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. आणि ते भांडण होण्यासाठी टेकडी जागेवर असावी लागते.

सगळीच वाळू, सगळीच राख जपा, असे मी म्हणत नाही. लोकांना घरे हवीत, रस्ते हवेत. किनाऱ्यावरच्या वालुका-टेकड्यांना किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात ठेवलेले आहे. ते पाळले तरी पुष्कळ होईल. भूवारशाच्या स्थळांसाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरात एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. पण बोरीसारखी नदीकाठची एखादी दरड किंवा शेताच्या बांधाला लागून असलेले टेकाड कुठल्या यादीत येणार?

त्यासाठी माझी सूचना साधी आहे. बँकेत जुने दफ्तर कुणी मनाला येईल तेव्हा फाडत नाही. दहा रुपयांचे व्हाउचर असले तरी ते अमुक वर्षे ठेवायचे, मग यादी करायची, अधिकाऱ्याची सही घ्यायची, नोंदवहीत लिहायचे आणि नंतरच नष्ट करायचे. हाच नियम मातीला लावावा. वाळू, गाळ किंवा राखेचा थर खणण्याचा परवाना देताना त्याच अर्जात एक रकाना असावा: हा थर कुणी जाणकाराने पाहिला आहे का? छायाचित्रे घेतली का? नमुने राखून ठेवले का? दोन दिवसांचे काम आहे. जवळच्या महाविद्यालयातले भूगोलाचे आणि भूशास्त्राचे विद्यार्थी ते आनंदाने करतील. जी माती जायची ती जाईल, पण निदान वाचून जाईल.

गेल्या महिन्यात नातवाला घेऊन बोरीला जाऊन आलो. राखेच्या थरापुढे तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने बोट पुढे केले. त्या दिवशी गाडीच्या काचेवर लिहिले तसे इथेही नाव लिहायचा त्याचा विचार दिसला. मी काही बोलणार, तेवढ्यात त्याने स्वतःच हात मागे घेतला आणि खिशात घातला.

"आबा, ही कुणी पुसली कशी नाही?" त्याने विचारले.

या वेळी सवयीचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.