‘एशियन मिल्क टी’ नावाचा एकच चहा नसतो!

कॅफेच्या मेन्यूतलं ‘एशियन मिल्क टी’ हे नाव दिशाभूल करणारं आहे. आपण ताजं दूध चहासोबतच उकळतो. हाँगकाँगमध्ये दोन-तीन पत्त्यांचं मिश्रण उकळून कापडी पिशवीतून पुन्हा पुन्हा गाळतात. पिशवी तपकिरी होऊन पायमोज्यासारखी दिसते, म्हणून नाव ‘सिल्क स्टॉकिंग’ चहा! दूध डब्यातलं, आटवलेलं. उकाड्यात तेच टिकायचं. या कौशल्याची नोंद हाँगकाँगने २०१७मध्ये आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. मलेशियातला ‘तेह तारिक’ कन्डेन्स्ड मिल्कचा, उंचावरून ओतून फेसाळ केलेला. काश्मिरी नून चाय तर चक्क खारट. सोड्यात उकळलेल्या पत्तीचा लालसर अर्क दूध पडताच गुलाबी होतो. प्रीमिक्स पावडर ढवळून या सगळ्यांना एकच नाव द्यायचं, तर मेन्यूत निदान ‘पावडरचा चहा’ असं तरी छापावं.