भाकरी थापायचे वय

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण शेतकऱ्यांपुढे आणले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबरच्या कामातून आलेल्या या वाणाच्या दाण्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखी ज्वारी दिली, भेंडीची ‘परभणी क्रांती’ दिली, आणि आता लहान मुले व बायकांच्या रक्ताची चिंता थेट दाण्यापर्यंत नेली. पण लोह दाण्यात असून भागत नाही. दाण्याचे पीठ व्हावे लागते, पिठाची भाकरी व्हावी लागते, आणि ती भाकरी ताटात आवडीने खाल्ली जावी लागते. या शेवटच्या टप्प्यासाठी संशोधन केंद्र नाही, अनुदान नाही, शेतीशाळा नाही. तो टप्पा घरातल्या कोणाच्या तरी हातांवर सोडून दिलेला आहे, आणि असे हात कमी होत चालले आहेत. मुलांना लहान वयात, आईवडिलांच्या बरोबरीने स्वयंपाक शिकवण्याचा विचार या बाजूने व्हावा असे मला वाटते. सुट्टीतली करमणूक किंवा मुलीला ‘वळण लावणे’ यापुरते ते शिकवणे ठेवू नये. घर चालवण्याच्या कामात मुलाचा आणि मुलीचा सारखा वाटा असतो, आणि तो वाटा दहाव्या वर्षाच्या आत हाती द्यायला हवा.

उदाहरण ज्वारीचेच घेऊ. परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू या पट्ट्यातले रोजचे जेवण पिढ्यान्‌पिढ्या भाकरीभोवती उभे होते. शेतात सोयाबीन आणि कापूस वाढला, रेशनवर गहू-तांदूळ स्वस्तात मिळू लागला, तशी ज्वारी मागे पडली. याचा सगळा दोष स्वयंपाकघरावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही भाकरी सोडून पोळीकडे किंवा भाताकडे वळणे इतके सहज का झाले, याचे एक उत्तर भाकरीच्या करणीत आहे. गव्हात ग्लुटेन असते, त्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नसते. ज्वारीचे पीठ धरून ठेवते ते गरम पाणी आणि तळहाताने केलेले मर्दन. पीठ जुने असेल तर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात. मग उकळत्या पाण्यात उकड काढूनच पीठ मळावे लागते. काठवटीत उंडा फिरवत थापताना हाताचा दाब किती, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी कधी फिरवायचे, उलटायची कधी आणि विस्तवाला लावायची कधी, हे सगळे बोटांना कळावे लागते. असे काम अंगवळणी पडायला वर्षे लागतात. ज्या घरात पुढच्या पिढीचे हात त्या पिठाला लागलेच नाहीत, तिथे भाकरी एका पिढीत संपते, मग शेतात कितीही चांगले वाण येवो.

‘लागेल तेव्हा शिकतील’ हे या मुद्द्यावरचे नेहमीचे उत्तर. त्यात तथ्य आहेच. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली आले, कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली. वाटी-चमच्याच्या मापाने सांगणाऱ्या ‘रुचिरा’ने माहेरापासून दूर गेलेल्या कितीतरी संसारांना हात दिला, आणि परदेशी निघालेल्या बॅगांतही ती गेली. आज ते काम व्हिडिओ करतात. मोठेपणी स्वयंपाक शिकता येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुस्तक आणि व्हिडिओ पदार्थ शिकवतात; घरात काय आहे ते पाहून जेवण उभे करायला शिकवत नाहीत. अर्धी वाटी डाळ, दोन टोमॅटो आणि कालचा भात एवढ्यात चार माणसांचे कसे भागवायचे, ही नजर रोजच्या सहवासातूनच येते. शिवाय ‘लागेल तेव्हा’ हा नियम मुलगे आणि मुली यांना आपण सारखा लावत नाही. मुलीला तो क्वचितच लागू होतो; तिला ‘हाताशी ये’ ही हाक आधीच गेलेली असते. मुलगा शिकायला परगावी एकटा राहिला तरच शिकतो, आणि घरी परतला की पुन्हा ताटावर येऊन बसतो.

मुलांनी स्वयंपाक केला की ती भाज्या खातात, हा युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो. त्याला आधार आहे, पण तो जपून वापरायला हवा. स्वित्झर्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६ ते १० वर्षांच्या ४७ मुलांपैकी काहींनी पालकांबरोबर जेवण रांधले आणि बाकीच्यांना पालकांनी केलेले जेवण मिळाले. रांधणाऱ्या मुलांनी सॅलड सुमारे ७६ टक्के जास्त खाल्ले. आकडा डोळ्यांत भरतो खरा. पण मुले थोडी होती आणि जेवण एकच. त्याच मुलांनी कोंबडीही २७ टक्के जास्त खाल्ली आणि एकूण उष्मांकही जास्त घेतले. म्हणजे स्वतः केलेले अन्न सगळेच गोड लागते, केवळ भाजी नव्हे. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात पाचवीच्या ३ हजारांहून अधिक मुलांची पाहणी झाली. घरी स्वयंपाकात मदत करणाऱ्या मुलांना फळे-भाज्यांची आवड जास्त असल्याचे तीत दिसले. पण जिथे मुलांना स्वयंपाकघरात घेतात तिथे मुळातच ताजे जेवण जास्त होत असेल, ही शक्यता उरतेच. म्हणून भाजीचे आमिष दाखवून ही गोष्ट गळी उतरवू नये. उद्या मुलाने पालक खाल्ला नाही म्हणून त्याचे शिकणे वाया गेले, असे ठरायला नको. स्वयंपाकातून अपूर्णांक येतात, रसायनशास्त्र येते, हेही सांगितले जाते. तसे थोडेफार येतही असेल. पण ज्या कामावर घर चालते त्याला दुसऱ्या विषयाची शिफारस कशाला हवी?

खरे कारण कामाच्या वाटणीत आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये सहा वर्षांवरील लोकांच्या वेळवापराची पाहणी केली. दिवसभरात घरच्या बिनपगारी कामाला हात लावणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. हात लावणाऱ्यांतही स्त्रीचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. ही दरी लग्नानंतर अचानक पडत नाही, ती लहानपणी आखली जाते. भातुकलीची इवलीशी पितळी भांडी आपण मुलीला दिली, मुलाला नाही. मोठेपणी समजूतदारपणाची व्याख्याने देऊन ही दरी बुजत नाही, कारण ज्याला काम दिसतच नाही त्याला ते वाटूनही घेता येत नाही. कुकर लावायची वेळ झाली, दूध उतू जाईल, उद्याला मटकी भिजवायला हवी, हे डोक्यात चालू राहणे हाच स्वयंपाकाचा मोठा भाग आहे. जपानने गृहविज्ञान हा विषय कनिष्ठ माध्यमिक शाळेत १९९३ पासून आणि उच्च माध्यमिक शाळेत १९९४ पासून मुलगे व मुली दोघांना सारखाच शिकवायला घेतला, आणि २००५ मध्ये अन्नशिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात २०१४ पासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्वयंपाक सक्तीचा आहे. आपण वाट शाळेची पाहायची की घरातून सुरुवात करायची, एवढेच ठरवायचे आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप परभणी जिल्ह्यातूनच येतो. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातली कितीतरी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, आईवडील पहाटे तोडीला गेले की मागे धाकट्या भावंडांना सांभाळणारी आणि चूल पेटवणारी बहुधा दहा-बारा वर्षांची मुलगी असते. तिला स्वयंपाक येतो, पण शाळा सुटलेली असते. तेव्हा ‘मुलांना स्वयंपाक शिकवा’ हे पोटभरल्यांचे कौतुक नव्हे काय? हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. संत जनाबाई याच गंगाखेडच्या. त्या लहान वयातच पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला आल्या. दळण, कांडण, झाडलोट हे त्यांच्या अभंगांचे विषय आहेत आणि ते कष्ट पोराच्या वयात अंगावर पडलेले होते. मोठ्याच्या जागी मुलाला उभे करणे म्हणजे राबवणे. मोठ्याच्या शेजारी मुलाला उभे करणे म्हणजे शिकवणे. फरक तीन गोष्टींनी ओळखावा: बाजूला मोठे माणूस आहे का, शाळा आणि खेळ शाबूत आहेत का, आणि भाऊ-बहीण दोघांना काम आहे का. या कसोटीवर कोपीवरची चूल उतरत नाही, आणि शहरातल्या सुखवस्तू घरात फक्त मुलीला पोळ्यांना बसवणेही उतरत नाही. तसे पाहता जनाबाईंच्या अभंगांनी आपल्याला एक वेगळे चित्रही दिले आहे: विठोबा स्वतः त्यांच्यासोबत जात्यावर दळायला बसतो. सातशे वर्षे आपण त्या देवाला हात जोडले; घरातल्या मुलाच्या हाती लाटणे मात्र दिले नाही.

शिकवायचे कसे, याचाही मराठी मुलखाला अनुभव आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये, सेवाग्रामच्या शाळेत सूतकताई, शेती आणि सफाईबरोबर स्वयंपाकघराचे कामही शिक्षणाचा भाग होते. ताराबाई मोडक यांनी माँटेसोरींचे विचार बोर्डीसारख्या गावात नेले ते स्थानिक वस्तू आणि खरी कामे हाताशी धरून. या दोन्ही परंपरांचे सार एकच: मुलाला लुटुपुटीचे काम देऊ नका. आपण नेमके उलटे करतो. मुलाला केकवर चॉकलेट भुरभुरायला देतो, फोटो काढतो आणि ओटा स्वतः पुसतो. त्यापेक्षा एक पदार्थ संपूर्ण त्याचा असावा: ठरवणे, सामान काढणे, करणे, वाढणे, भांडी घासायला टाकणे आणि ओटा पुसणे, सगळे त्याचेच. मराठवाड्याच्या स्वयंपाकात यासाठी उत्तम पदार्थ आहेत. सुशीला हा त्यांतला पहिला: मुरमुरे भिजवून पिळायचे आणि कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचे मसालेदार पीठ, डब्यात तयार असेल तर आमटीला गुठळी न होऊ देता येसर कालवणे एवढेच कसब. भाकरी नंतर येईल, आणि पहिल्या पन्नास वेड्यावाकड्या भाकऱ्या घरातल्या सर्वांनी मुकाट्याने खाव्या लागतील.

धोका आणि वेळ हे दोन आक्षेप उरतात. चटका आणि कापणे हे धोके खरे आहेत, म्हणूनच कामाला वयाची उतरंड हवी. चार-पाच वर्षांचे मूल शेंगा सोलते, मेथी निवडते, वाटीने तांदूळ मोजते. सहा-सात वर्षांचे पीठ मळते, दही घुसळते, काकडी किसते. आठ-नऊ वर्षांचे शेजारी मोठे माणूस असताना सुरी धरते. विस्तव त्यानंतर, आणि कुकर व तळणीचे तेल सर्वांत शेवटी. ज्याने हे टप्पे ओलांडले ते मूल बाराव्या वर्षी घरात एकटे असताना अधिक सुरक्षित असते. वेळेचे म्हणाल तर मूल हाताशी आले की अर्ध्या तासाच्या कामाला एक तास लागतो, हे मान्यच करावे. दोघे नोकरीवर असलेल्या घरात रोज ते जमणार नाही. आठवड्यातले एक जेवण मात्र जमेल, आणि त्या जेवणाला वडील मुलाबरोबर ओट्याशी उभे राहिले तर आईवरचा भार त्याच दिवसापासून कमी होईल. आईच गुरू असली पाहिजे अशी अट घातली, की शिकवण्याचे आणखी एक काम तिच्याच वाट्याला येते आणि वर उल्लेखलेल्या २९९ मिनिटांत भरच पडते.

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळांनाही यात नुसते प्रेक्षक राहण्याचे कारण नाही. आपण खाद्यजत्रा भरवतो, पण स्टॉलवर राबतात त्याच चार-सहा काकू आणि मुले कागदी ताटल्या घेऊन रांगेत उभी असतात. मराठी शाळेत भाज्यांची नावे पाठ करून घेतो, ती भाजी हाती देत नाही. येत्या गणेशोत्सवात एका वेळच्या प्रसादाच्या जेवणातला एक पदार्थ आठ ते बारा वर्षांच्या मुलामुलींकडे सोपवावा, त्यांच्याबरोबर त्यांच्या वडिलांनी उभे राहावे, आणि खिचडीला मीठ कमी पडले तर कोणीही आत शिरून ते दुरुस्त करू नये. संस्कृती जपण्यासाठी हे करा, असे मी म्हणत नाही. घरातल्या प्रत्येक माणसाला रोज भूक लागते, म्हणून जेवण रांधणे हे घरातल्या प्रत्येकाचे काम आहे. हे साधे गणित मुलांना जेवढे लवकर कळेल, तेवढे त्यांच्या भावी घरांतले भांडणाचे एक मोठे कारण कमी होईल. संस्कृती टिकली तर ती त्या ओघात टिकेल.