चकचकीत चाकं, थरथरतं स्टिअरिंग

गाडीची काळजी घेणं वेगळं आणि गाडी चमकवणं वेगळं. आपण मात्र दुसऱ्या गोष्टीचे पैसे मोजून पहिलीचं समाधान विकत घेतोय. हा घोळ सगळ्यात जास्त कुठे दिसत असेल, तर तो चाकांवर.

कुठल्याही आयटी पार्कच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. डायमंड कट अलॉय, त्यावर सिरॅमिक कोटिंग, टायरच्या कडेला काळंभोर पॉलिश. आता त्याच गाडीच्या मालकाला विचारा, शेवटचं बॅलन्सिंग कधी केलं होतंस? पाचांतले चार जण म्हणतील, "सर्व्हिसिंगला करतात ना ते!" करतात की नाही, बिलावर आहे की नाही, कुणी पाहिलंय? आणि उरलेला एक जण अलाइनमेंटची पावती दाखवेल.

तर आधी तेवढं सांगून टाकतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट किंवा हवा बघा. सरळ रस्त्यावर ८०-१०० च्या आसपास स्टिअरिंग थरथरत असेल तर पहिला संशय बॅलन्सिंगवर घ्या. दोन वेगळी कामं, दोन वेगळी मशीन्स. एकाच्या पावतीवर दुसरं होत नाही.

आता थोडं गणित. घाबरू नका, बारावीचंच आहे. १५ इंची रिमच्या कडेला एका जागी २० ग्रॅम वजन जास्त आहे असं समजा. २० ग्रॅम म्हणजे चार छोटे चमचे साखर. १०० च्या वेगाला हे चाक सेकंदाला साधारण १५ फेरे घेतं. वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग... उत्तर येतं ३३ न्यूटनच्या आसपास. म्हणजे सव्वातीन किलोचा हिसका, दर सेकंदाला १५ वेळा, प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत. ४० च्या वेगाला हाच हिसका जेमतेम अर्धा किलो असतो, म्हणून हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये काही जाणवत नाही. समृद्धी महामार्गावर १२० ला पोचलात की तो पावणेपाच किलोच्या घरात जातो. वेग तिप्पट, हिसका नऊपट. वर्गाची भानगड आहे ती, तिथे कुणाची ओळख चालत नाही.

"थोडं थरथरतं, सवय झालीय आता," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की डोकं फिरतं. अहो, सवय होते हाच तर धोका आहे! बॅलन्सिंग बिघडल्याने टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजतो, बेअरिंग आणि सस्पेन्शनचे रबरी बुश उगाच मार खातात, हे आहेच. पण टायरला फुगवटा आला, रिम वाकली, नट सैल झाला, तरी पहिली खूण तीच असते, थरथर. रोजच्या थरथरीची सवय झालेल्या माणसाला नवी थरथर कळणार कशी? आपल्या धंद्यातलंच उदाहरण घ्या. ज्या सर्व्हरचे अलर्ट रात्रंदिवस वाजतात, त्या सर्व्हरचा खरा अलर्ट कुणीही वाचत नाही.

मग कोटिंगवाले वाईट का? नाही. त्यांचं काम मला मान्य आहे. ब्रेकची धूळ म्हणजे नुसती धूळ नव्हे, त्यात लोखंडाचे तापलेले बारीक कण असतात आणि ते रिमच्या वरच्या लॅकरमध्ये रुतून बसतात. कोटिंग असेल तर ते लवकर निघतात. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या हवेत तर रंग उडालेल्या अलॉयला गंज धरतो, आणि टायर जिथे रिमवर बसतो तिथेच तो धरला की हवा हळूहळू निघत राहते. पंक्चर सापडत नाही, हवा टिकत नाही. अशा ठिकाणी चांगला थर ही चैन नाही, गरज आहे.

माझं भांडण आहे ते क्रमाशी आणि दाव्याशी. "संपूर्ण व्हील केअर" अशी पाटी लावायची आणि तिच्याखाली फक्त चमक विकायची. आमच्या म्हणीत याला वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात. कारण या तीन गोष्टी, धुणं, थर देणं आणि बॅलन्सिंग, एकमेकींत अडकलेल्या आहेत. एक करताना दुसरी बिघडवता येते, आणि बिघडवली जाते.

धुण्यापासून सुरू करू. अलॉयला वजनं चिकटवलेली असतात, आतल्या बाजूला. जोरदार प्रेशरचा पाण्याचा फवारा अगदी जवळून तिथेच मारला की एखादी पट्टी उडते. गाडी चकाचक होऊन बाहेर येते आणि एक्स्प्रेसवेवर थरथरते. उलट रिमच्या आतल्या बाजूचा वाळलेला चिखल कुणी काढत नाही, कारण तो फोटोत येत नाही. पावसाळ्यानंतर त्या चिखलाचं वजन किती भरत असेल, तुम्हीच विचार करा. वर २० ग्रॅमचा हिशोब केलाच आहे.

आणि धुतात कशाने? लोखंडाचे कण विरघळवणारी चांगली रसायनं असतात. रिमवर मारली की जांभळे ओघळ येतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण धातूला आणि रंगाला सहसा काही होत नाही. दुसरा प्रकार आहे जालीम आम्लाचा. काही व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. मिनिटात चाक आरशासारखं. हे आम्ल त्वचेतून आत शिरतं आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. द्रावण पातळ असेल तर वेदना काही तासांनी सुरू होतात, म्हणजे हात धुवायची वेळ निघून गेल्यावर. आता ज्या मुलाच्या उघड्या हातात ब्रश आहे आणि शेजारी लेबल नसलेला कॅन आहे, त्याला यातलं काय सांगितलंय? आपण एसीत बसून कॉफी पीत असतो. कॅनमध्ये काय आहे आणि हातमोजे का नाहीत, हे दोन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. उत्तर मिळालं नाही तर गाडी तिथून काढा. तुमच्या रिमसाठी नाही, त्या मुलाच्या बोटांसाठी.

आता थर. पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० अंशांना भाजून पक्कं करतात. अलॉयची ताकद त्याला कारखान्यात दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. वारंवार भाजलं, किंवा वाकलेली रिम बर्नरने तापवून सरळ केली, तर ती ताकद उतरू शकते. वरून रंग मारला की काहीच दिसत नाही! डायमंड कटमध्ये लेथवर धातूच खरवडतात, तेव्हा तेही कितीही वेळा करता येत नाही. पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच. नट जिथे बसतो तो खळगा आणि रिम जिथे हबला टेकते तो सपाट भाग, या दोन्ही जागी जाड रंग नको. रंग दाबला जातो, झिजतो, आणि घट्ट केलेला नट सैल पडतो. थर देताना या जागा झाकायच्या असतात. चाक टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर बसवायचं असतं आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचं असतं. एकदा एका दुकानात मी हे विचारलं तर उत्तर मिळालं, "साहेब, गनने टाइट केलंय, निघायला ट्रक लागेल." हे उत्तर नव्हे, नवस आहे.

गंमत म्हणजे सिरॅमिक कोटिंगचा गुणच असा की त्यावर काही चिकटत नाही. बॅलन्सिंगची वजनंही धड चिकटत नाहीत! वजनाची जागा साफ करून मोकळी ठेवावी लागते. हे कोटिंगच्या माहितीपत्रकात मी अजून वाचलेलं नाही.

बॅलन्सिंगलाही मशीन आहे म्हणजे काम झालं असं नाही. मशीन त्याला दिलेल्या आकड्यांवर चालतं. समोर उभे राहा आणि एवढं बघा :

१. जुनी वजनं आणि आतला चिखल आधी काढला का?
२. चाक शंकूवर नीट मध्यात बसवलं का?
३. रिमचं अंतर, रुंदी, व्यास या चाकाचेच भरले का, की मागच्या गाडीचे तसेच ठेवले?
४. वजन आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही पातळ्यांवर लावलं का? एकाच जागी लावलं तर उडी थांबते, डगमग थांबत नाही.
५. वजन लावल्यावर पुन्हा फिरवून शून्य आलं का?

पाचवा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. म्हणजे कोड लिहिला, टेस्ट न करता रिलीज. आणि शून्य आलं तरी ते बहुधा "५ ग्रॅमपेक्षा कमी" असं शून्य असतं. चालेल. निदान तेवढं तरी असू दे.

"माझी गाडी, माझा पैसा, तुला काय?" हा प्रश्न येणारच. बरोबर आहे. पण रस्ता तुमचा एकट्याचा नाही, आणि मागून येणाऱ्या गाडीत कुणाचं तरी लहान पोर असतं. चमक तुमची खासगी हौस आहे. निखळलेलं चाक खासगी राहत नाही.

म्हणून क्रम असा हवा : आतून-बाहेरून धुणं, रिम वाकलेली आहे का ते बघणं, थर द्यायचाच असेल तर नटाच्या जागा सोडून देणं, मग टायर चढवून बॅलन्सिंग, मग योग्य टॉर्क, आणि शेवटी हवा. पैसे कमी पडत असतील तर यातलं फक्त एक काम गाळता येतं. ते कुठलं, हे आता सांगायला नको.