मुद्दे आणि गोष्ट

पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एका प्रश्नाशी माझा हात नेहमी थबकतो. 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' हा तो प्रश्न. गुजराती असो वा मराठी, दोन्हीकडे त्याचे रूप एकच. यंदा मुद्दे होते : लाकूडतोड्या, नदीकाठचे झाड, कुऱ्हाड पाण्यात पडणे, देवी प्रकट होणे, सोन्याची कुऱ्हाड, नकार, बक्षीस. पन्नास मुलांनी पन्नास वेळा देवीला ताबडतोब पाण्याबाहेर काढले आणि बक्षीस वाटून टाकले. एका मुलीने मात्र तसे केले नाही. तिचे कुटुंब खानदेशातून पोटासाठी इकडे आलेले. वडील पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला आहेत. तिच्या गोष्टीत देवी तीन दिवस प्रकटतच नाही. तोवर लाकूडतोड्या शेजाऱ्याची कुऱ्हाड मागून कामावर जाऊ लागतो आणि त्याची बायको नदीकाठी बसून राहते. अखेर देवी सोन्याची कुऱ्हाड पुढे करते, तेव्हा ती बाई म्हणते, "ही आमची नव्हे. आमच्या कुऱ्हाडीच्या दांड्याला फडके गुंडाळलेले आहे." बक्षिसाचा उल्लेखही न करता गोष्ट तेथेच संपते.

मी लाल शाईने 'मुद्दे सोडले' असे लिहिले आणि पाचपैकी दोन गुण दिले.

त्या रात्री काही केल्या डोळ्याला डोळा लागेना. लेखनापूर्वी आराखडा असावा, असे मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' (१९३१) आमच्या विद्यार्थिदशेत हाती असे. कथानकाची मांडणी हेतुपूर्वक करावी, हा संस्कार तेथला. पण मोठ्यांनी आपापले आराखडे कोठून आणले, हे पाहू गेले म्हणजे माणूस गोंधळतो.

आमच्या सुरतेचेच उदाहरण घ्या. नंदशंकर तुळजाशंकर मेहता हे येथील शाळेचे हेडमास्तर. (हे वाचून माझ्यासारख्या हेडमास्तराची छाती थोडी फुगते, हे कबूल करतो.) शिक्षणखात्यातील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रेरणेने त्यांनी लिहिलेली 'करण घेलो' १८६६ साली प्रसिद्ध झाली, गुजरातीतील पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. तिचा सांगाडा इतिहासाने आयताच दिला होता : गुजरातचा शेवटचा वाघेला राजा करण, त्याने प्रधानाच्या पत्नीचे केलेले हरण, दिल्लीची स्वारी, आणि अखेरीस बागलाणचा आश्रय. हे बागलाण म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातला सटाण्याचा मुलूख. आरंभ ठाऊक, शेवटही ठाऊक. मेहतांना भरायचे होते ते मधले अंतर. ते भरताना कादंबरी वर्णनांत वारंवार रमते, पण वाट चुकत नाही.

हरिभाऊ आपट्यांचे नेमके उलटे. 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येत होती. अंक निघायचा म्हणजे मजकूर द्यायचाच. पुढचे प्रकरण लिहिताना मागचे छापून गेलेले, ते परत बोलावता येत नाही. अशा घाईत त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, 'कर्मयोग' त्यांतलीच. यमूची कहाणी मात्र तरली. माझ्या मते तिला आराखड्याने तारले नाही, यमूच्या बोलण्याने तारले. एकदा ती बोलू लागल्यावर लेखकाला फक्त ऐकायचे होते.

आणि साने गुरुजी! 'श्यामची आई'चे बहुतेक लेखन त्यांनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मधल्या पाच दिवसांत केले. एवढ्या थोड्या वेळात कथानक कोण बांधणार? पण रोज सायंकाळच्या प्रार्थनेनंतर श्यामने एक आठवण सांगायची, ही योजना इतकी साधी, की प्रत्येक रात्र स्वतःच्या पायांवर उभी राहते. ओळीने मांडलेल्या पणत्यांना दोरा लागत नाही.

माझ्यापाशीही एक वही आहे. वडील धुळ्याहून सुरतेस आले, त्यावर कादंबरी लिहिण्याचे मी तरुणपणी ठरवले होते. एकोणीस प्रकरणांची टिपणे, पात्रांच्या वयांचे कोष्टक, कोणत्या प्रकरणात तापीला पूर यावा तेसुद्धा लिहून ठेवले आहे. कादंबरीचे एकही पान लिहिलेले नाही. वही पूर्ण झाली तेव्हा मला कृतार्थ वाटले होते. तेवढ्याने काम भागले असावे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला कार्यालयात बोलावले. ती भेदरून दारातच उभी राहिली. मी विचारले, "देवी तीन दिवस येणार नाही, हे तू आधी ठरवले होतेस का?"

"नाही सर. आधी फडके सुचले."

"म्हणजे?"

"बाबांच्या हातोडीला आईने बांधले आहे. तळहाताला फोड येतात ना, म्हणून. मग वाटले, हे फडके देवीला कोण सांगणार? बाबा तर कामावर. म्हणून आईला नदीवर बसवली."

निकाल अजून लागायचा होता. मी दोनाचे चार केले. पाच देण्याचे धैर्य झाले नाही, कारण मुद्दे तिने सोडले होते हे खरेच. घरी येऊन मी जुनी वही काढली आणि एकोणीसही प्रकरणे चाळली. वडील सुरतेच्या स्टेशनवर उतरले तेव्हा त्यांच्या हातात काय होते, हे त्यांत कोठेच लिहिलेले नव्हते. आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. जेवणे आटोपल्यावर तिच्याजवळ जाऊन बसलो आणि विचारले.